नवव्या फर्म्यातली सुई

१

बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करायला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सहसा कोणी जात नाही. तो गेला, कारण ज्या कचेरीत त्याने बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती, ती कचेरी एका परिपत्रकाने बंद झाली. ते परिपत्रक जावक रजिस्टरला चढवण्याचं कामही शेवटी त्यालाच करावं लागलं. कचेरीत सगळे त्याला 'डावखुरे' म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. तो डाव्या हाताने लिहीत असे, एवढंच. पण पुढे पुढे नवे साहेब त्याला 'श्री. डावखुरे यांस' अशी पत्रंही लिहू लागले, आणि त्याने ती बिनतक्रार आवकला नोंदवून घेतली. तो नियमाने चालणारा माणूस होता.

दुकान म्हणजे एकामागे एक अशा तीन खोल्या. पहिलीत शिलाई आणि घडीकाम, मधलीत कापायचं विजेचं यंत्र (त्याचं जुनं हाताने फिरवायचं चाक अंगणात गंजत पडलेलं), आणि शेवटची वाळवणीची. उंबऱ्यावरून त्याला मधल्या खोलीत एक म्हातारा पाठमोरा दिसला. तो यंत्राला तेल घालत होता.

"येऊ का आत?"

तेलाची बुधली हवेत थांबली. एक थेंब म्हाताऱ्याच्या चपलेवर पडला. म्हातारा वळला नाही.

"परत बोल."

"येऊ का आत, म्हटलं. शिकाऊ माणूस पाहिजे अशी पाटी आहे बाहेर."

म्हातारा सावकाश वळला. त्याने डावखुऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण अनोळखी माणसाकडे बघावं तसं, वरवर.

"हात कुठला चालतो?"

"डावा."

"वळ."

"कुठं वळू?"

"पाठ कर माझ्याकडे. हां. आता बस त्या स्टुलावर. खिडकीकडे तोंड करून."

शिंपी कोटाचं माप घेतो तेव्हा उभं राहावं तसा तो अवघडून बसला. मग म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "उद्यापासून ये. वर्षभर शिकायचं. वर्ष झालं की एक अख्खं पुस्तक एका बैठकीत शिवून दाखवायचं. जमलं तर कायम."

घरी बायकोने विचारलं, "काय काय विचारलं मुलाखतीत?"

"पाठ बघितली."

"शहाणा माणूस दिसतोय. चेहरा बघून तुम्हाला कोणी ठेवलं नसतं," बायको म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. म्हणजे तिला बातमी आवडली होती.

२

म्हाताऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या, हाताखाली पहिले दोन महिने त्याने फक्त घड्या घातल्या. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. असे दहा-बारा फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले की पुस्तक होतं. बाकी मग खळ, पुठ्ठा आणि दिखावा, असं मास्तरांचं मत होतं. घडी हाडाच्या पट्टीने दाबायची, नखाने नाही. नखाने दाबलेला कागद चकाकतो, आणि मास्तरांना ती चकाकी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची.

घडीकामाला एक मावशी होत्या. त्या दिवसाला हजार घड्या घालत आणि साधारण तेवढीच वाक्यं बोलत. त्यांचा गुडघा, त्यांची सून, सुनेचा गुडघा. दुपारी बाराला त्या घरी जात. मग दुकानात एकदम इतकी शांतता व्हायची की आपण काही तरी चुकीचं बोलून बसलो की काय, असं वाटावं.

तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी त्याला शिलाईच्या चौकटीपुढे बसवलं आणि पहिला नियम सांगितला.

"सुई पुस्तकात ठेवून उठायचं नाही. काहीही होऊ दे. आग लागली तर आधी सुई काढायची, मग बोंब मारायची."

"कारण?"

"सुई आत राहिली तर गंजते, पान खाते. नाही तर तशीच यंत्राखाली जाते आणि पातं तुटतं. फर्मा पुरा कर, सुई उशीत खोच, मग ऊठ."

डावखुऱ्याला नियम फार आवडला. कचेरीत त्याने असे नियम पाहिले होते की ज्यांची कारणं त्यांच्या कर्त्यांनाही ठाऊक नव्हती. इथे कारण होतं, गंज होता, पातं होतं.

त्याने पहिला फर्मा शिवला. दुसरा शिवून टोकाला आला, तिथे खालच्या फर्म्याशी गाठ मारायची असते. त्याच्या बोटांनी आपोआप दोऱ्याचे दोन वळसे घेतले आणि मग ओढलं. बावीस वर्षं फायलींचे गठ्ठे नाडीने बांधले होते. ती सवय होती.

मास्तर वाकून बघत होते. "एक वळसा घेतात," ते म्हणाले.

"चुकलं. सोडवतो."

"नको." मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. "ही गाठ कुठं शिकलास?"

"कुठं नाही. फायली बांधायचो."

"फायली," मास्तर म्हणाले. पन्नास वर्षं छळणाऱ्या कोड्याचं उत्तर अगदीच किरकोळ निघावं तसा त्यांचा चेहरा झाला. "असू दे. बदलू नकोस. आणि दोरा ओढायचा, आवळायचा नाही. पुस्तक आहे, पोतं नाही."

"छान आहे हे वाक्य."

"माझं नाही. मला शिकवलं त्यांचं."

३

वाळवणीच्या खोलीत रोज संध्याकाळी ओली पुस्तकं नेऊन रचायची आणि वर वजनं ठेवायची. खोलीला एक उंच खिडकी आणि एकच दार. लाकूड फुगल्यामुळे ते पुरतं लागायचं नाही. भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, गठ्ठे, कोरा कागद. तिथे माणूस खोकला तरी खोकला जागच्या जागी विझायचा. खिडकीखाली एक जुनी शिलाईची चौकट कापडाने झाकून ठेवलेली होती, आणि तिच्यावर एक स्टूल उलटं, पाय वर करून. ते मास्तरांच्या गुरूंचं. त्याला कोणी हात लावत नसे.

मावशी गेल्यावर मास्तर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत अर्धा तास डुलकी काढायचे. त्या अर्ध्या तासात डावखुऱ्याचा हात उत्तम चालायचा. सुई घडीतून जाताना टुक् असा बारीक आवाज येतो, आणि मग मेण लावलेला दोरा लांबवर ओढला जातो, सर्र. टुक्, सर्र. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा डावा हात शाई न फासता काही तरी करत होता.

चौथ्या महिन्यात कधी तरी त्याच्या लक्षात आलं की हा आवाज दोनदा येतोय. एकदा त्याच्या हातातून आणि एकदा पाठीमागून, आतल्या खोलीतून.

प्रतिध्वनी, त्याने ठरवलं. मग त्याला तो विझणारा खोकला आठवला. त्याने जीभ टाळूला लावून च्यक् केलं. मागून काही आलं नाही. स्टूल सरकवलं. काही नाही. सुई टोचली. टुक्, आणि क्षणभराने मागे, टुक्.

फक्त सुईचाच आवाज परत देणारी भिंत त्याच्या पाहण्यात नव्हती. पण कचेरीत अशी पुष्कळ प्रकरणं येत. त्यांच्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारून ती खालच्या कप्प्यात ठेवली की बहुतेक आपली आपण मिटत. त्याने तसंच केलं. आठवडाभराने मात्र न राहवून विचारलं.

"मास्तर, आतल्या खोलीत आवाज घुमतो का हो?"

वर्तमानपत्राखालून उत्तर आलं. "कागदाच्या खोलीत कसला घुमतोय?" मग वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "काय ऐकू येतं?"

"शिलाई."

"चांगली आहे?"

"काय?"

"शिलाई. हात कसा आहे?"

डावखुऱ्याने आठवून पाहिलं. मागचा दोरा कधी अडत नसे. ओढ एकसारखी, न घाबरता. "माझ्यापेक्षा बरीच चांगली."

"मग ऐकत जा," मास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्र वर गेलं.

म्हातारा थट्टा करतोय असं त्याने घरी सांगितलं. बायको म्हणाली, "तुमची थट्टा करायला एवढी मेहनत कोण घेईल?"

पण तो ऐकत गेला. आणि खरं सांगायचं तर शिकत गेला. मागचा दोरा जिथे सावकाश जाई तिथे त्याने हात सावकाश नेला. दोन महिन्यांत त्याची शिलाई इतकी सरळ आली की मावशींनी सुनेचा विषय मधेच सोडून टाक्यांवरून बोट फिरवलं.

४

आठव्या महिन्यात एका वाचनालयाची जुनी पुस्तकं दुरुस्तीला आली. चाळीस-एक होती, सगळी याच दुकानात पन्नासेक वर्षांपूर्वी बांधलेली. पुठ्ठे सुटले होते. पाठीवरचा जुना कागद ओला करून सोलायचा, म्हणजे खालची शिलाई उघडी पडते. ती कुजली असेल तर उसवून नव्याने शिवायची, धड असेल तर तशीच ठेवायची.

पहिल्या पुस्तकाची पाठ त्याने सोलली आणि सोलून झाल्यावरही सुरी हातात धरून तो बसून राहिला.

गाठी डावीकडे कलत्या होत्या. डाव्या हाताने शिवलं की गाठ तशीच कलते. ठीक आहे. जगात डावखुरे पुष्कळ. पण प्रत्येक गाठीला दोन वळसे होते.

दुसरं पुस्तक सोललं. दोन वळसे. तिसरं. चौथ्याच्या टोकाशी, दोरा संपत आला की तो शेवटचं वेटोळं बोटाला गुंडाळून जसं सोडत असे, तसं एक निरर्थक वेटोळं होतं. ती खोड त्याने कोणाकडून घेतली नव्हती. त्या खोडीबद्दल मास्तर त्याला गेल्याच आठवड्यात बोलले होते.

त्याने मनातल्या मनात टिपण तयार केलं. एक: मास्तरांचे गुरूही कधी काळी कारकून असावेत. दोन: डावरा माणूस दोरा हातात घेतला की आपसूक असंच करत असावा. तीन. तिसरा मुद्दा त्याला सुचला नाही. पहिले दोन सादर करण्याजोगे होते.

"मास्तर, तुमचे गुरू डावरे होते?"

"हो."

"आधी कुठल्या कचेरीत वगैरे...?"

"कधी विचारलं नाही. मी एकोणीस वर्षांचा. ते आत बसायचे, खिडकीखाली, पाठमोरे. मी इथे बसून शिवायचो. चुकलो की आतूनच सांगायचे. दोऱ्याच्या आवाजावरून कळायचं त्यांना."

"चेहऱ्याने कसे होते?"

"चेहरा नाही पाहिला." मास्तर खळ ढवळू लागले. "पाठ आठवते. आवाज आठवतो."

"म्हणजे जेवायला, घरी जायला तरी उठत असतील ना?"

"मी सकाळी यायचो तेव्हा बसलेले. संध्याकाळी जायचो तेव्हा बसलेले. म्हणायचो, चला, अंधार पडला. तर म्हणायचे, तू हो पुढे, एवढा फर्मा झाला की उठतो."

"मग गेले कधी?"

मास्तरांनी कालथा वर काढला. खळीचा एक लांब धागा खाली आला आणि तुटला. "खळ घट्ट झाली. पाणी आण."

तो पाणी आणायला गेला. परत येताना त्याला वाटलं, मास्तर आपल्याकडे बघताहेत. तो वळला तेव्हा ते बघत नव्हते. पण ज्या क्षणी पाठ फिरवली, त्या क्षणी पुन्हा तसंच वाटलं.

५

या सगळ्यात तो दुःखी होता असं कोणी समजू नये. उलट, घरातली माणसं त्याच्या आनंदाला थोडी कंटाळली होती. जेवताना तो पावाची घडी घालायचा. बायकोच्या जुन्या वह्या त्याने नव्याने बांधल्या, मग शेजाऱ्यांच्या, मग विजेच्या बिलांचा एक गठ्ठा, पाठीला कापड लावून.

"बिलांना पुठ्ठा," बायको म्हणाली. "आता त्यांना चष्माही लावा."

लेक सतरा वर्षांची होती आणि चित्रं काढायची. चित्रकलेच्या शाळेत अर्ज करायचा होता, आणि अर्जासोबत स्वतःची चाळीस चित्रं नीट बांधून द्यायची होती.

"तुमची परीक्षा कधी, बाबा?"

"पुढच्या गुरुवारी."

"माझी मुदत शुक्रवारची आहे. गुरुवारी दोन वाजता चित्रं घेऊन येते दुकानात. पास झालात तर तुम्हीच बांधायची. नापास झालात तर मी दुसऱ्या दुकानात जाईन. ओळख दाखवणार नाही."

"पास होणार."

"दोन वळसे घालून द्या पण. ते तुमचंच असतं." ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "आणि बाबा, मी हाक मारली की ओ देत जा. काल तीनदा मारली."

"काम करत होतो."

"तेच म्हणतेय मी. 'एवढं झालं की उठतो, एवढं झालं की उठतो.' आणि मग रात्रीचं जेवण गार."

हे वाक्य आपण घरी म्हणतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने ते मास्तरांच्या तोंडून, त्यांच्या गुरूंचं म्हणून, ऐकलं होतं. पण लेक हसत होती, दिवा लागलेला होता, आणि बायको आत भांडी आपटत होती, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सुई उचलली, आणि ती घडीत जायच्या आधी मागून आवाज आला. टुक्.

त्याचा हात अधांतरी राहिला. मग त्याने सुई टोचली. मागे दोरा ओढला गेला, सर्र. मग त्याने ओढला. आता मागचा आवाज त्याच्या मागे नव्हता. तो एका टाक्याने पुढे होता. आणि दोन्ही आवाजांत आता फरक करता येत नव्हता. तीच ओढ, टोकाशी तोच छोटा थांबा, दोन वळशांएवढा.

तो उठून आतल्या दारापर्यंत गेला. आधी सुई उशीत खोचून, अर्थात. फटीतून त्याने पाहिलं. पुस्तकं, वजनं, खिडकीचा चौकोनी उजेड. चौकटीवरचं कापड कोणी तरी काढून घडी घालून ठेवलं होतं. हाडाच्या पट्टीने दाबल्यासारखी धारदार घडी.

मावशींनी आवरलं असेल, त्याने ठरवलं. मावशींनी वर्षभरात त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, हे त्याने टिपणात घेतलं नाही.

६

गुरुवारी सकाळी तो पोहोचला तेव्हा मास्तर दारात उभे होते. धुवट सदरा, भांग पाडलेला.

"मावशी?"

"आज सुट्टी दिली. बसा."

त्याला वाटलं, मागे कोणी गिऱ्हाईक आहे. त्याने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वर्षभर मास्तर त्याला अरे-तुरे करत होते.

"बस," मास्तर घाईने म्हणाले. "बारा फर्मे. एका बैठकीत. मी वाचनालयाची पुस्तकं पोचवून येतो. यायला मला दोन-अडीच होतील."

"समोर बसून बघणार नाही?"

"मी काय बघायचं तुझं?" त्यांनी हातगाडीवर गठ्ठा चढवला, दोरी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग उंबऱ्याशी थांबून त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ती लेकीची चित्रं. तुला वेळ नाही झाला, तर मी बांधून देईन. चांगली बांधीन. जशी शिकवलीत तशी."

"कोणी शिकवली?"

गाडीची चाकं खडखडत गल्लीतून निघून गेली.

त्याने दोऱ्याला मेण लावलं. पहिला फर्मा चौकटीवर ठेवला. उजेड छान होता. टुक्, आतून. टुक्, त्याचा. त्याला आता भीती वाटायची म्हणावी तर तसंही नाही. कचेरीत बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर एक माणूस बसत असे, ज्याच्याशी तो कधी चार वाक्यं बोलला नव्हता, आणि तरी तो रजेवर असला की काम होत नसे. तसंच काहीसं. दोघं मिळून शिवत होते. आतला एक टाका पुढे, हा एक टाका मागे. चौथा फर्मा. सहावा. अशी शिलाई त्याने जन्मात केली नव्हती. पास होणार होता तो. दोन वाजता लेक येईल, मास्तर येतील, आणि तो म्हणेल, आण इकडे ती चित्रं.

आठवा पुरा झाला. दोन वळसे, गाठ. नववा ठेवला. मधोमध आला.

आतली सुई थांबली.

त्यानेही हात थांबवला. दुकानात काहीच वाजत नव्हतं. मग आत एक श्वास ऐकू आला. खूप वेळ वाकून बसलेला माणूस पाठ सरळ करताना सोडतो तसा, आणि त्याच्या शेवटी नाकातून निघालेली बारीक शीळ. ही शीळ त्याच्या ओळखीची होती. बायको तिच्यावरून त्याला किटली म्हणायची.

मग लाकडी स्टूल सरकल्याचा आवाज.

तो कधी उठला हे त्याला कळलं नाही. दाराशी पोहोचेपर्यंत कळलं नाही. दारात हात रिकामा वाटला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. त्याची सुई तिकडे, चौकटीवर, नवव्या फर्म्यात अर्धी रुतलेली चमकत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

परत जाऊन काढायला हवी होती. मधली खोली ओलांडायची, एवढंच होतं. पण दार आपल्या वजनाने उघडलं.

खिडकीखाली चौकट होती. स्टूल खाली उतरवून ठेवलेलं होतं, किंचित तिरकं, आत्ताच कोणी उठावं तसं. चौकटीवर पुस्तक चढवलेलं होतं. खोलीत कोणी नव्हतं. फक्त क्षणभर, दारातून उजेड आत गेला तेव्हा, समोरच्या काचेत त्याला एक पाठ दिसली. खांदे उतरलेले, डावं कोपर थोडं वर. आरशात पाहिलं की चेहरा दिसतो. काचेत पाठ का दिसावी, हे त्याला विचारायचं होतं. पण दार मागे मिटत आलं आणि काच नुसती काच झाली.

तो चौकटीजवळ गेला. आठ फर्मे शिवलेले. सुंदर शिवलेले. नवव्याच्या मधोमध सुई.

आता कोणाचीही असो, सुई पुस्तकात ठेवून जायचं नाही. गंजते, पान खाते, पातं तुटतं. नियमात 'स्वतःची सुई' असं म्हटलेलं नव्हतं. त्याने ती नुसती उपटून काढायचा विचार केला, पण मग टाका उसवला असता, आणि इतकं चांगलं काम कोण उसवेल? अर्धाच फर्मा उरला होता. दोन मिनिटांचं काम.

तो बसला. स्टूल ऊबदार होतं.

७

या खिडकीचा उजेड बाहेरच्यापेक्षा बरा आहे, हे त्याला आधी का कळलं नाही कोण जाणे. सुई हातात अशी बसली की जणू तिच्यावर त्याच्याच बोटांचा खड्डा पडलेला होता. टुक्, सर्र.

बाहेर चपलांचा आवाज आला. ही चाल त्याला ओळखता येत होती.

"बाबा?"

"आलो," तो म्हणाला. "एवढा फर्मा झाला की उठतो."

कागदाच्या खोलीत वाक्य तोंडापुढेच विझलं.

"बाबा, दोन वाजले. कुठं गेलात? सुई अशीच टाकून गेलात..." मग हातगाडीची खडखड. मग मास्तरांचा आवाज, फार हळू. लेकीने काही तरी विचारलं, पुन्हा विचारलं, मोठ्याने. मास्तर म्हणाले, "बस, बाळ. आण ती चित्रं. मी बांधतो." मग सुई, उजव्या हाताची, सावकाश, त्याने वर्षभर ऐकलेली. प्रत्येक गाठीशी आता थोडा जास्त वेळ थांबत होती, दोन वळशांएवढा.

चांगलं बांधतोय म्हातारा. पोरीचं काम होईल. त्याला बरं वाटलं. आत्ता जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा, असंही वाटलं. पण टाका अर्ध्यात होता.

नववा फर्मा पुरा झाला. त्याने दोन वळसे घेतले, गाठ ओढली. सुई काढून खोचायला उशीकडे हात नेला, तर हाताला दहावा फर्मा लागला. तो चौकटीवर ठेवून झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सुई पुन्हा आत गेली आहे. हरकत नाही. हा झाला की.

बाहेरचे आवाज बदलले होते. मधल्या खोलीत विजेचं यंत्र घरघरत नव्हतं. कोणी तरी हाताने मोठं चाक फिरवत होतं. अंगणात गंजत पडलेलं ते जुनं चाक असावं, दुरुस्त केलेलं दिसतं. लेकीची चाहूल लागत नव्हती. त्या जागी कोणी तरी नवखं शिवत होतं. टुक्. थांबा. टुक्. मग दोरा असा कचकन ओढला की ऐकणाऱ्याच्या दातांना कळ यावी. एकोणिसाव्या वर्षी असाच हात असतो. शिकेल.

वळून बघायला हवं होतं. पण वळलं की ओढ सैल पडते.

"ओढ," तो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "आवळू नकोस. पुस्तक आहे, पोतं नाही."

बाहेरचा दोरा दचकून थांबला, आणि मग सावकाश, जपून ओढला गेला. सर्र.

छान. त्याने पाठ सरळ केली, श्वास सोडला, बारीक शीळ वाजली, आणि पुन्हा वाकला. उजेड अजून होता. लेक थांबली असेल बाहेर, तिला उशीर होतोय. सुई पुस्तकात ठेवून उठता येत नाही. एवढा फर्मा झाला की उठायचंच.